एका वेळी एक

सकाळपासून वायरिंगचं काम करणाऱ्या वहिनी ऑफिसातल्या लोखंडी कपाटाशी झुंजत होत्या. ऑफिसचं सगळं नेट त्यातल्या यंत्रांतून जायचं. वहिनींचा शिरस्ता ठरलेला: आधी मेन स्विच बंद, मग अर्थिंग घट्ट, शेवटी प्रत्येक यंत्राला विजेच्या दोन वायरी, दोन वेगळ्या लाइनींवरून, म्हणजे एक गेली तरी दुसरी चालू. त्यांनी स्विच लावला, हिरवे दिवे लुकलुकले, आणि पन्नाशीच्या वहिनींच्या कानात वासरासारखं वारं शिरलं.

"साहेब, गंमत बघा!" म्हणत त्यांनी मुख्य यंत्राची एक वायर काढली. दिवे तसेच! ती परत लावून दुसरी काढली. तरी तसेच! वहिनींनी तिथल्या तिथे गिरकीच घेतली.

वायर परत बसते न बसते तोच साहेबांना राहवेना. "आता मी!" म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी दोन्ही वायरी एकदम ओढल्या.

दिवे गेले.

"अहो, एका वेळी एक!" वहिनींनी कपाळावर हात मारला.

"नेट गेलं रे!" बाहेरून कोणीतरी ओरडलं, आणि अख्ख्या मजल्याने टाळ्यांचा कडकडाट केला.

"लावा ना लवकर," साहेब पुटपुटले.

"लावते की," वहिनी हसू दाबत म्हणाल्या, "पण टाळ्या तर संपू द्या!"