खारट बर्फ

मित्रांनो, नाक दाबू नका. मी एक जुनी बर्फाची पेटी आहे आणि मला मासळीचा वास येतो. येणारच. पावस गावच्या, मासळी विकणाऱ्या तुळसाने माझ्यात वर्षानुवर्षं बांगडा आणि सुरमई भरली, अत्तर नव्हे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी निळी, गुळगुळीत होते. मग जेटीवर आदळले, रिक्षात कोंबले गेले. तुळसाची रीत एकच: खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये मासळी आणि वरून मूठभर मीठ. मिठाने गारठा वाढतो. गिऱ्हाइकं म्हणायची, "तुळसाची मासळी डोळे उघडून बघते." कौतुक तिचं. माझं नाव कोणी काढलं नाही.

तिचा मुलगा सागर. त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त थांबवणारा घटकच अंगात कमी. अशा माणसाला मार लागला की रक्त आतल्या आत, मांसातही झिरपत राहतं. जेटीवर मासळीचा क्रेट त्याच्या मांडीवर आपटला, तेव्हा वरून काही दिसलं नाही. तुळसाने शेक दिला. आत रक्त साचत गेलं, त्याभोवती जाड कवच धरलं आणि पुढे त्याची नारळाएवढी गाठ झाली. ती हाडाला रेटू लागली.

डॉक्टर म्हणाले, "गाठ काढली नाही तर पाय जाईल. पण आधी फॅक्टर. त्याशिवाय मी सुरी लावणार नाही."

फॅक्टर म्हणजे तोच कमी पडणारा घटक. एका बाटलीत पूड, दुसरीत ती कालवायचं पाणी. सागरची बायको नम्रता दूरच्या केंद्रावरून ते घेऊन आली आणि फ्रीजमध्ये ठेवलं. सासूसुनेचं एरवीही पटत नव्हतंच.

"नेताना बर्फ बाटल्यांना लागू द्यायचा नाही, आई. नुसतं गार ठेवायचं."

"तू मला बर्फ शिकव गो. बोटं झिजली माझी बर्फात."

"मासे नाहीत ते."

"आणि मी खुळी नाही."

ऑपरेशनच्या दिवशी नम्रता सागरला कपडे चढवत होती, तेवढ्यात तुळसाने मला भरलं. खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये बाटल्या. आणि हाताच्या सवयीने मीठ.

रत्नागिरीच्या इस्पितळात सिस्टरने झाकण उघडलं. पाण्याच्या बाटल्या गोठून तडकल्या होत्या. पूडही नको तितकी गारठलेली, ती आता वापरायची नाही. ऑपरेशन पुढे गेलं.

आवारात नम्रता फुटली. "पाय घालवायचाय का त्यांचा?"

"माझ्या पोराचा पाय मी घालवीन?" तुळसा माझ्याकडे वळली. "मेली पेटीच वाईट," म्हणाली आणि मला लाथ घातली. बिजागरी तुटली.

सागर बाकावर पाय पसरून होता. "लाथ पेटीलाच घाल हो आई. मांडीला नको."

कोणी हसलं नाही.

मला राग आला. मी काय केलं? जे भरलं ते राखलं, जितकं गार करायला सांगितलं तितकं केलं. तरी मला परसात टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसून घाण करत. तिकडे गाठ वाढतच होती.

पुन्हा फॅक्टर मिळालं, तेव्हा तुळसा मला घासायला बसली. साबण, लिंबू, पुन्हा साबण. तुटलेल्या झाकणाला नायलॉनची दोरी बांधली. मग नम्रतासमोर मला ठेवून, भिंतीकडे बघत म्हणाली, "बर्फ खाली घालू की बाजूला?"

नम्रताने टॉवेल पुढे केला. "पिशवीत बांधून बाजूला. मध्ये टॉवेल. आणि ती मिठाची बरणी आत ठेवून या."

तुळसा बरणी आत ठेवून आली.

रिक्षात दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या, दोघींचे हात झाकणावर, तोंडं दोन दिशांना. बाटल्या शाबूत पोचल्या. आधी फॅक्टर दिलं, मग कवचासकट गाठ निघाली. नंतरही फॅक्टर चालू ठेवलं. पाय राहिला.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, बिजागरी बसवा, हे मी सांगणारच. पण जे काम आपल्याला येतंच असं वाटतं, तेही नव्या गोष्टीसाठी करताना एकदा विचारा. विचारणं तुळसाला जड गेलं, अजून जातं. सागरसाठी बाटल्या आणायच्या असल्या की ती दरवेळी सुनेला विचारते, उत्तर ऐकून तोंड वाकडं करते आणि माझं झाकण मात्र अलगद लावते.