भिंगाखालची मोहरी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझे अंग पितळेचे आहे आणि बाजूला एक चक्र आहे. ते हळूच फिरवावे लागते. घाई केली की मी रुसतो. मित्रांनो, बरणीतल्या मधात तुम्हाला मध दिसतो. मला त्यात अख्खे रान दिसते!

माझी भिंगे घासणारा कारागीर म्हणे कामात जेवायचेही विसरे. त्याच्याकडून मी थेट मधाच्या प्रयोगशाळेत आलो, मध तपासणाऱ्या ताईंच्या टेबलावर. पहिल्या दिवशी त्यांनी मधाचा थेंब काचपट्टीवर ठेवला आणि मी थक्क झालो. सूर्यफुलाचा परागकण अंगभर काटेरी, मोहरीचा जाळीदार गोल, जांभळाचा इवलासा त्रिकोणी! माशी कोणत्या फुलावर बसली, हे सगळे त्या धुळीएवढ्या कणांवरून कळत होते. इतकी वर्षे झाली, पण माझे नवल काही ओसरले नाही.

ताई सांगतील ते खरे, असे सगळे मानत. मलाही त्याचा फार गर्व होता.

एकदा सकाळी डोंगरावरच्या मधपाळ मावशींची बरणी आली. चिठ्ठीवर लिहिले होते, 'निव्वळ जांभळाचा मध'. माझ्याखाली मात्र मोहरीचे कणही निघाले. ताईंनी 'मिसळलेला मध' असा अहवाल लिहिला. दुपारी मावशी आल्या आणि तो वाचून त्यांनी कागद ताईंसमोर धरला.

"ताई, हा कागद गेला तर मधपाळ संघ माझं नाव काढून टाकेल. वीस वर्षं माश्यांत घालवली मी. आमच्या डोंगरावर औषधालासुद्धा मोहरी नाही हो!"

"थांबा मावशी, तुमच्यासमोर पुन्हा तपासते."

ताईंनी काचेची कांडी वाटीतल्या पाण्यात धुतली. ती बरणीत बुडवणार, तोच मावशींनी त्यांचा हात धरला.

"हे पाणी कधीचं?"

"सकाळचं."

"आणि माझ्या आधी कोणाचा मध तपासलात?"

ताईंनी नोंदवही उघडली. आधी मोहरीच्या मधाच्या सहा बरण्या झाल्या होत्या.

"आम्ही माश्यांच्या एका पेटीनंतर सुरी धुतो आणि ते पाणी ओतून देतो," मावशी म्हणाल्या. "नाहीतर एकीचा रोग दुसरीला लागतो."

ताईंनी नुसत्या पाण्याचा थेंब माझ्याखाली ठेवला. त्यात मोहरीच मोहरी! मला मान असती तर मी ती खाली घातली असती. मग ताजे पाणी आले, कांडी लख्ख धुतली गेली, आणि या वेळी सगळे कण त्रिकोणी निघाले. ताईंनी अहवाल फाडला.

"चुकलं माझं, मावशी. या, तुम्हीच बघा."

मावशींनी माझ्या भिंगाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ त्या हलल्याच नाहीत. "अगं बाई! एवढं देखणं हे माझ्या हातांना चिकटत होतं, आणि मी रोज धुऊन टाकत होते?"

आता पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्र आले आहे आणि मी कपाटावर धूळ खातो. मित्रांनो, कधी मला खाली उतरवलेत तर सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, मऊ कापड घ्या. आणि एवढे लक्षात ठेवा: समोर काय आहे ते मी दाखवतो, ते तिथे कोणी आणले हे मला कळत नाही. कोणाला खोटे ठरवण्याआधी आपल्या वाटीतले पाणी एकदा तपासा. ताई आजही प्रत्येक बरणीनंतर पाणी ओतून देतात, आणि तो आवाज आला की मला मावशी आठवतात.