सेल्वनच्या घराची दारं

राष्ट्राची पुनर्बांधणी दारापासून सुरू होते... असा भारदस्त विचार मजीदच्या मनात आला खरा, पण तेव्हा तो नकाशावर पडलेला समोशाच्या तेलाचा थेंब करंगळीनं पुसत होता, आणि थेंब नेमका दारावर — म्हणजे दार दाखवणाऱ्या त्या पाव वर्तुळावर — पसरत चालला होता.

कतारमधल्या अल रय्यानचं स्टेडियमचं साइट ऑफिस, जेवणाची सुट्टी. वर्ल्डकपला अजून पाच वर्षं. आणि टेबलावर सध्या स्टेडियम नव्हतंच, श्रीलंकेतल्या मुल्लैतीवूजवळचं तीन खोल्यांचं घर होतं. घर सेल्वनचं; जुनं यादवीत गेलं. नकाशा नुवानचा — त्याच यादवीत पलीकडून बंदूक घेऊन उभ्या असलेल्या नुवानचा. आता दोघं ड्राफ्ट्समन, शेजारच्या खुर्च्या, एका डब्यातली मासळी... सुट्टीचे दोन शुक्रवार घालवून नुवाननं जीव ओतला होता : ऐसपैस व्हरांडा, एकच रुंद दार, रस्त्याकडे तोंड केलेलं.

"प्रत्येक खोलीला मागून दार पाहिजे," सेल्वन म्हणाला.

"लढाई संपली, मच्चान," नुवान दोस्तीतल्या हाकेनं म्हणाला. "आता कुणापासून पळणार?"

"तुझ्यापासून."

दोघंही हसले. नुवान आधी थांबला.

"मी नाही रे, माझी बायको वासुकी म्हणते," सेल्वन पुटपुटला. "मागे दार नसेल त्या घरात पाऊल टाकणार नाही. मुलांना घेऊन भावाकडेच राहीन, म्हणते."

"मजीदभाई, तुम्ही सीनियर. सांगा ह्याला."

काय सांगणार मी, मजीदला वाटलं. मुंबईतल्या त्या दंगलीनंतर आई वर्षभर चपला खिडकीखाली ठेवून झोपायची, विचारलं तर म्हणायची, हवा लागते रे त्यांना... आणि आपण तरी? इथं अल अझीझियात घर घेताना तळमजलाच का धरला? बायकोला, सुरय्याला, चौथ्या मजल्यावरची गॅलरी हवी होती, मिळतही होती — आपण म्हटलं, गुडघे दुखतात. गुडघे! पस्तिशीतले, ठणठणीत... हजारो अनोळखी माणसं झटपट बाहेर पडावीत म्हणून नकाशात दारं आखायचा आपल्याला पगार मिळतो, आणि एका बाईनं तीन मागितली तर ती घाबरट.

"आखून टाक मागची दारं," मजीद म्हणाला. "फायर एक्झिट समज."

नुवान स्क्रीनकडे वळला. खोलीमागून खोली, दारामागून दार... आणि मुलांच्या खोलीला, कुणी न सांगता, आणखी एक.

"हे कशाला?" सेल्वननं विचारलं.

"पोरं आहेत. एका दारात गर्दी करतील."

सेल्वननं मान फिरवून डोळे पुसले. खिडक्या बंद असलेल्या एसी ऑफिसात धूळ फार असते.

स्क्रीनचा फोटो वासुकीला गेला. तिघं फोनकडे बघत बसले. नातं ना गोतं, पण मजीदला आपलाच निकाल लागायचा असल्यासारखं वाटत होतं. घरी गेल्यावर सुरय्याला विचारावं का, चौथ्या मजल्याबद्दल... नुसतं विचारायला काय जातं... पण तिनं कारण विचारलं तर?

वासुकीचा व्हॉइस मेसेज आला, तमिळमध्ये, भरभर. सेल्वननं तो दोनदा ऐकला.

"काय म्हणते?" नुवाननं विचारलं.

"विचारते, कपाट कुठे ठेवायचं?"

तिघं स्क्रीनवर वाकले. कपाट मावेल अशी भिंतच उरली नव्हती.