बुजवलेल्या विहिरीचं पाणी

"पृथ्वीला वाचवण्याची जबाबदारी यापुढे सरकारांची नाही, सैन्यांची नाही, धर्मपीठांचीही नाही. ती विद्यापीठांची आहे. आणि हा इतिहास जेव्हा लिहिला जाईल तेव्हा त्याचं पहिलं पान पूर्व उपनगर विद्यापीठाचं असेल," असं कुलगुरूंनी १९८७ सालच्या एप्रिल महिन्यात जाहीर केलं. वेळ सकाळी अकराची होती. बाहेर नाहूरचं ऊन पांढरंफटक पडलं होतं आणि आत सभागृहाचे पडदे ओढून चोवीस ट्यूबलाइट लावल्या होत्या. पुढचं वाक्य याहूनही मोठं असणार होतं, पण कुलगुरूंच्या घशाला कोरड पडली. त्यांनी समोरचा तांब्या ग्लासात उपडा केला. त्यातून एक मुंगी पडली.

त्या वर्षी पाणीकपात होती. नळाला सकाळी पाऊण तास पाणी यायचं आणि ते कुलगुरू उठायच्या आत संपायचं. भिकाजी शिपाई तांब्या घेऊन धावला आणि चार मिनिटांत तो भरून घेऊन आला. कुलगुरू लागोपाठ दोन ग्लास प्यायले आणि पृथ्वीला विसरले.

"हे गोड पाणी कुठलं रे?" त्यांनी विचारलं. माइक चालूच होता.

"विहिरीचं, साहेब. मागे रोपवाटिकेत आहे ना. लवू परबांकडून आणलं, पंपवाल्या."

सगळ्या सभागृहाने ते ऐकलं आणि कुणाला काही वाटलं नाही. फक्त तिसऱ्या रांगेत बसलेले इस्टेट विभागाचे अधीक्षक जयवंत तावडे यांच्या मांडीवरची फाईल खाली घसरली. कारण रोपवाटिकेतली विहीर तावड्यांनी तेरा वर्षांपूर्वी बुजवली होती. सहीशिक्क्यासकट.

तावडे आणि लवू परब हे एकाच गावचे, एकाच वाडीतले. दोघे एकाच श्रावणात जन्मले, एकाच शाळेत मार खाऊन मोठे झाले आणि एकाच दिवशी विद्यापीठात शिपाई म्हणून लागले. पुढे तावड्यांनी खात्याच्या परीक्षा दिल्या आणि ते चढत चढत अधीक्षक झाले. लवू पंपावर गेला आणि पंपावरच राहिला. कुणीही म्हणेल की इथे हेवा करायचा असेल तर तो लवूने करावा. पण लवूला तेवढा उरक नव्हता. त्यामुळे ते काम तीस वर्षं एकटे तावडेच बघत होते.

लवूचे केस अजून काळे होते. लवूला पडल्या पडल्या झोप लागायची. अख्खं विद्यापीठ त्याला 'लवूदादा' म्हणायचं, आणि तावड्यांना 'साहेब' म्हणायचं, तेही ते समोर असेपर्यंत. त्यात गावच्या मास्तरांनी दोघांच्या जन्मतारखा अंदाजाने घातल्यामुळे कागदावर लवू दोन वर्षांनी लहान होता. तावडे येत्या जूनअखेर निवृत्त व्हायचे होते. लवू त्यांच्यामागे दोन वर्षं पंप चालवत राहणार होता. शिवाय पंपाच्या खोलीमागे लवू मिरच्या लावायचा आणि मूठभर तावड्यांच्या घरी पाठवायचा. नलिनीताई त्या मिरच्यांचा ठेचा वाढताना दर वेळी म्हणायच्या, "लवूभावजींच्या हाताला गुण आहे हो." तावडे तो ठेचा पाणी पीत पीत गिळायचे. तिखट म्हणून नव्हे.

आता विहिरीची गोष्ट. चौऱ्याहत्तर साली डासांमुळे ती बुजवायचं ठरलं आणि ते काम तेव्हाचे साधे कारकून तावडे यांच्याकडे आलं. सहा ट्रक राबिट, म्हणजे पाडकामाचा विटामातीचा चुरा, येऊन पडलं. तावडे लवूला घेऊन काठावर गेले. लवूने पिशवीतून नारळ काढला.

"ह्या कित्याक?" तावड्यांनी विचारलं. कचेरीत ते शुद्ध बोलत. विहिरीपाशी लवू असला की जीभ गावाला जायची.

"बुजवच्या आदी तिका विचारूक नको?"

लवूने रीतसर गाऱ्हाणं घातलं, विहिरीला सगळी परिस्थिती समजावून सांगितली आणि परवानगी मागितली. मग दोघे काठावर बसून राहिले. तासाभराने तावड्यांनी विचारलं, "काय म्हणता?"

"काय एक बोलणा नाय."

"मगे?"

"होय म्हणूक नाय, म्हंजे नाय."

कोकणातल्या माणसाला जिवंत झऱ्यावर राबिटाची पहिली पाटी टाकायला सांगणं म्हणजे आईच्या तोंडावर उशी ठेवायला सांगण्यासारखं आहे. तावड्यांनी पाटी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली आणि लवूकडे दिली. लवूने ती उपडी करून तिच्यावर बसून विडी ओढली. संध्याकाळी सगळं राबिट कुलसचिवांच्या गाडीच्या जागेखाली गेलं आणि तावड्यांनी फाईलमध्ये लिहिलं, 'विहीर पूर्णपणे बुजवून जमीन समतल करण्यात आली आहे.' हे काम वेळेत उरकल्याबद्दल त्यांच्या गोपनीय अहवालात 'अत्युत्तम' असा शेरा आला आणि त्याच शेऱ्यावर त्यांना पुढची बढती मिळाली. लवूने डासांसाठी विहिरीत मासे सोडले, मुलुंडच्या एका तळ्यातून कासव आणलं आणि वर लोखंडी जाळी घातली. तेरा वर्षांत तिथवर कुणी साहेब आला नाही. जिथे प्राध्यापक ग्रंथालयापर्यंत जात नाहीत तिथे रोपवाटिकेपर्यंत कोण जाणार.

सभेनंतर कुलगुरूंनी पर्यावरण समिती नेमली. अध्यक्ष वनस्पतिशास्त्राच्या डॉ. विमला सबनीस. विद्यापीठांत समित्या कशा चालतात हे या बाईंना तोवर कुणी सांगितलं नसावं, कारण त्या कामाला लागल्या. त्यांनी दिवसा ट्यूबलाइट बंद करून पडदे उघडायला लावले. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू मसुद्यांसाठी वापरायचा हुकूम काढला. कॅन्टीनचा ओला कचरा खड्ड्यात पुरायचं ठरवलं, तर तिथे लवू तो दहा वर्षं पुरत होता असं निघालं. मग त्या विहिरीवर गेल्या. वसतिगृहांचे संडास, बाग, प्रयोगशाळा, सगळं तेरा वर्षं या विहिरीवर चाललं होतं. पंपाची फिरकी झिजली की लवू साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमधून भंगारातली फिरकी घासून आणत होता. जमिनीत पाणी मुरावं म्हणून त्याने गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचे पाईपसुद्धा विहिरीकडे वळवले होते.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

"वरचा पाणी फुकट गटारात जाता, बाई. बघवना नाय," लवू म्हणाला.

बाईंनी हे वाक्य अहवालात जसंच्या तसं घातलं आणि कुलगुरूंनी ठरवलं की पाच जूनला, पर्यावरण दिनी, विहिरीवर कार्यक्रम करायचा. विहीर ज्याने वाचवली त्याला शाल, श्रीफळ, आणि कठड्यावर त्याच्या नावाची संगमरवरी पाटी.

पाटीचं ऐकल्यावर तावड्यांचं जेवण सुटलं. अधीक्षकांच्या खोलीबाहेरची लाकडी पाटी तीस जूनला निघणार होती. ती नुसती खाचेत सरकवलेली होती, खिळे ठोकलेलेही नव्हते. आणि लवूची मात्र संगमरवरी.

ते सरळ पंपावर गेले. लवू टाकीच्या नळाला चिंधी बांधत होता. चिंधीतून टप टप पाणी गळत होतं आणि खाली ठेवलेल्या डब्यात साठत होतं.

"बस रे," लवू म्हणाला. "चाय घेतंस?"

"चाय नको. लवू, ती विहीर बुजवूक कोणाक सांगितलेला?"

"तुका."

"आणि बुजवली कोणी नाय?"

लवूने विचार केला. "तूच नाय बुजवलंस."

"मगे? राखली कोणी?"

"तसा बघूक गेल्यास तर तूच," लवू अगदी मनापासून म्हणाला. "जा, सांग बाईक. पाटयेर तुझा नाव घालूंदेत. माका काय करूची हा पाटी? मी हंयच आसंय."

तावडे तिथून अधिकच जळत परतले. लवूने भांडण केलं असतं तर ते जिंकले असते. ज्या गोष्टीसाठी आपली झोप उडाली ती समोरच्याने चहासारखी पुढे करावी, यासारखा अपमान नाही. जाता जाता लवूने हाक मारली, "आणि ता वायसराचा बघ रे." तावड्यांनी ऐकलं नाही.

वायसराचं असं होतं. टाकीचा नळ गळत होता आणि त्याला नवं रबरी वायसर हवं होतं. साकीनाक्याहून अख्खी फिरकी आणणारा लवू वायसर मात्र विकत आणायला तयार नव्हता. नळ विद्यापीठाचा, तेव्हा वायसर विद्यापीठाचं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो इस्टेट विभागाकडे अर्ज करायचा. पहिला अर्ज तावड्यांनी परत पाठवला, कारण तो तीन प्रतींत नव्हता. दुसरा शिसपेन्सिलीने लिहिला होता म्हणून. तिसरा मंजूर झाला, पण वायसर चुकीच्या मापाचं गेलं. चौथा गेल्या गणपतीपासून तावड्यांच्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली होता. लवूला ज्याची गरज होती आणि जे तावड्यांच्या हातात होतं असं जगात तेवढं एकच होतं. ते इतक्या सहज कोण सोडील?

दुसऱ्या दिवशी तावडे फाईल घेऊन विमलाबाईंसमोर उभे राहिले.

"बाई, एक कबुली द्यायची आहे. चौऱ्याहत्तर साली मला विहीर बुजवण्याचा आदेश होता. मी तो पाळला नाही. फाईलमध्ये बुजवली असं लिहिलं ते खोटं आहे. विहीर वाचली ती माझ्यामुळे."

बाईंनी फाईल वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे तावडे, तुम्हाला सांगितलेलं काम तुम्ही केलं नाही."

"हो."

"म्हणून तुमचा सत्कार करायचा."

"हो. म्हणजे, तसंच काही नाही."

"या कारणासाठी सत्कार सुरू केले तर शाली पुरायच्या नाहीत हो. सगळं विद्यापीठ रांगेत उभं राहील." मग त्यांनी पुढचं पान उलटलं. "आणि इथे तुमची बढती दिसते. विहीर बुजवल्याबद्दल बढती घेतलीत, आता न बुजवल्याबद्दल शाल मागताय. एका विहिरीतून किती पाणी काढाल?"

बाईंनी फाईल मिटून परत दिली आणि आपण ती पाहिलीच नाही असं सांगितलं. हे उपकार होते, त्यामुळे तावड्यांना तेही सहन झाले नाहीत. घरी नलिनीताईंना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अहो, भावजींना मिळतंय ते आपल्याच घरात आल्यासारखं आहे." आणि त्यांनी ठेचा वाढला.

पाच जूनला विहिरीभोवती मांडव उभा राहिला. तावड्यांना पहिल्या रांगेत जागा होती, कारण खुर्च्या त्यांच्याच विभागाच्या होत्या. कुलगुरू बोलले. या खेपेला तांब्या भरलेला असल्यामुळे पुष्कळ बोलले. कासव वर येऊन ऐकून गेलं. पाटीवरचा पडदा ओढला तेव्हा तावड्यांनी मुद्दाम जाळीकडे पाहिलं. तरी 'लवू' हे दोन अक्षरांचं नाव एवढी जागा कशी व्यापतं हे त्यांना दिसलंच. शाल हिरवी होती. लवूला ती शोभतही होती.

मग लवूला दोन शब्द बोलायला सांगितलं. लवूने माइककडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि दोघांकडे पाठ केली. मिळालेला नारळ हातात धरून तो विहिरीसमोर उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली.

मांडवात शिपाई, माळी, कारकून मिळून निम्मं कोकण बसलं होतं. सगळे एका दमात म्हणाले, "होय म्हाराजा." तावड्यांच्या तोंडूनही ते निघून गेलं. लहानपणापासूनची सवय, ओठांना कोण विचारतो?

"आज ही जी काय तुझ्या काठार सभा भरली हा, ती गोड मानून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"ह्ये जे कुलगुरूसायब आसत, त्येंच्या मनात जगाचा बरा करूचा इला हा, त्येंका बळ दी म्हाराजा."

"होय म्हाराजा," कुलगुरूही म्हणाले, जरा उशिरा.

"तेरा वर्सामागे तुका बुजवूक दोन झील इले होते. एक ह्यो लवू आणि दुसरो जयवंत. जयवंतान वरचो हुकूम मोडल्यान, कागदार खोटा लिवल्यान, पन तुझ्यार माती घातल्यान नाय. पाटयेर एकाचाच नाव इला, तरी राखण दोघांची म्हाराजा."

"होय म्हाराजा," मांडव गरजला, आणि माना तावड्यांकडे वळल्या. कुलगुरूंनी 'कागदावर खोटं' हे शब्द ऐकले की नाही कळलं नाही, पण ते टाळ्या वाजवू लागले. मागून नलिनीताई टाळ्या वाजवत होत्या. विमलाबाईही. तीस वर्षांत पहिल्यांदा तावड्यांना लवूच्या केसांचा विसर पडला. ते खुर्चीतून उठले, हात जोडले आणि पुढे काय येतंय त्याची वाट पाहू लागले.

लवूने नारळ कपाळाला लावला.

"आणि म्हाराजा, जयवंताच्या टेबलार काचेच्या गोळ्याखाली एक अर्ज आसा. वायसराचो. तेच्यार तीस तारखेच्या आदी सही होऊंदे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा मांडव म्हणाला. सर्वांत मोठ्याने उभे असलेले तावडेच म्हणाले.

लवूने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि साध्या आवाजात सांगितलं, "अर्ध्या इंचाचो धाड, रे. गेल्या टायमाक पाऊण इंचाचो इलो."