अर्धी दाढी

परदेशी फौजांनी हेलमंदचा हा बाजार तालिबान्यांकडून यंदा दुसऱ्यांदा परत घेतला, तेव्हा दाढीची सक्ती उठली आणि बरियालयने ठरवलं की लग्नाला गुळगुळीत गालानेच बसायचं.

न्हावी नादेरकाकांनी त्याचा एक गाल साफ केला, तेवढ्यात फौजेच्या गाड्या ओळीने गाव सोडून जाताना दिसल्या. काकांनी घाईघाईने वस्तरा गादीखाली सरकवला.

"अहो काका, दुसरा गाल?"

"आता तालिबानी परत येतील! झाला तो गाल झाक, राहिला तो राहू दे. पळ!"

पगडीचं टोक तोंडावर गुंडाळून त्याने निकाह उरकला. मग रिवाजाप्रमाणे बायकांनी नवरानवरीवर शाल धरली आणि मध्ये आरसा ठेवला. एकमेकांना पहिल्यांदा पाहायचं ते त्या आरशातच. आता झाकून भागणार नव्हतं. त्याने टोक सोडलं.

नवरी स्पोगमय बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं.

"हसतेस काय? लेकाचे अर्ध्यावर टाकून गेले," तो पुटपुटला.

बाहेर लांब कुठेतरी गोळ्या झडू लागल्या. तिने त्याच्या गुळगुळीत गालावर हात ठेवला.

"हा गाल माझा," ती म्हणाली. "बाहेर जाताना झाकून जा."