न चाखलेली खीर

सकाळी गच्चीवर कापलेल्या गवताचा वास येत होता. अहो, कापलं कुणी होतं? आमच्या दुधीच्या वेलीवर लाल भुंगे चढून पानांची नुसती चाळणी करत होते. "आई, ये कैसी स्मेल है?" माझी लेक शिखा नाक दाबत म्हणाली. "वेल ओरडतेय," मी म्हटलं. कॉलेजात मी हेच शिकवते. पान कुरतडलं की झाड असा वास सोडतं आणि आत कडू विष साठवायला लागतं.

मी आमचे सगळे दुधी तोडून फेकून दिले. त्यावर माझे सासरे, रघुनाथराव, जे तापले म्हणता! "आज देवीला दुधीची खीर लागते, ठाऊक आहे ना? लीलाताईंकडून आण. त्यांच्या वेलीवर एक भुंगा नाही."

लीलाताईंची गच्ची आमच्या गच्चीला लागूनच. आमच्या जयेंद्रगंज मोहल्ल्यातली घरं ही अशी खेटून. वेल खरंच स्वच्छ होती. पण वास तिथेही तोच, आणि वारा पडलेला असताना तिची पानं हलत होती. शेजारच्या वेलीचं ओरडणं तिनं ऐकलं होतं, तीही विषाच्या तयारीला लागली होती. तरी मामंजींच्या धाकानं मी तिथला एक दुधी घेऊन घरी आले.

"मामंजी, कच्चा तुकडा तरी चाखू द्या."

"नैवेद्य उष्टा करणार? माझ्या डोळ्यांदेखत?"

काय डोकं फोडायचं या माणसापुढे! खीर झाली, देवीला दाखवली. पहिला घास मामंजींनी घेतला आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"कडू आहे ना? थुंका, विष आहे ते!"

"प्रसाद थुंकत नाहीत." वाटी संपवून त्यांनी दुसरी भरली. "शिखा, हात पुढे कर."

पोरीनं केलाही. आजोबांच्या हातचा प्रसाद तिनं कधी नाकारलाच नव्हता. मी तिच्या हातावर सणसणीत फटका मारला. खीर फरशीवर सांडली. मामंजी माझ्यावर हात उगारून उठले आणि तिथेच पोट धरून वाकले. उलटीत रक्त होतं.

दवाखान्यात नेताना गाडीत त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "शिखानं खाल्ली?"

"नाही हो, मामंजी. एक थेंबही नाही." मला रडू आवरेना.

त्यांनी डोळे मिटले.

"पण देवीनं खाल्ली गं."