चाकांवर उडालेला रंग

डोमाजी चाकाजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. रत्नदीपला वाटलं, म्हातारा खूश झाला. सेलूच्या रस्त्याला लागून रत्नदीपची शेड होती. तिथे जुने ट्रॅक्टर रंगवायला येत, आणि न्यायला आलेली माणसं अशीच गाडीभोवती फिरत, वाकून वाकून बघत. डोमाजींच्या या ट्रॅक्टरची चाकं त्यानं आदल्या दिवशी पांढरी केली होती. आज सकाळी डोमाजींच्याच सांगण्यावरून मडगार्डवर स्प्रे गननं लाल रंगाचा आणखी एक हात मारला होता.

"रत्नदीप, हे असंच राह्यते का?" डोमाजींनी विचारलं.

"काय असंच?"

"हे लाल."

रत्नदीप वाकला. त्याला पांढरं चाक दिसलं. नीट, गुळगुळीत, पांढरं.

"कुठं हाय लाल?"

डोमाजी हसले. हा गंमत करतोय असंच त्यांना वाटलं. "अरे, सारं चाक गुलाबी दिसून राह्यलं. बोट फिरव, खरखरीत लागते."

रत्नदीपनं बोट फिरवलं. बारीक रवा सांडल्यासारखं लागलं. मडगार्डवर मारलेला लाल रंग हवेत उडाला होता आणि चारही चाकांवर बसला होता. चाकांना कागद त्यानंच लावला होता. एरवी हे काम त्याची बायको यशोदा करायची, पण ती सकाळी आईला भेटायला नालवाडीला गेली होती. टेप कुठे सुटली, कागद कुठे उघडा राहिला, त्याला कळलंच नव्हतं.

"आता पुसून देतो, काका. दोन मिनिटांचं काम."

त्यानं फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि समोरच्या चाकावर जोरानं घासलं. लाल निघालं, पण त्याच्यासोबत खालचा कच्चा पांढराही निघाला. फडक्याला दोन्ही रंग लागले आणि चाकावर मळकट गुलाबी चिखल झाला. तो आणखी जोरात घासू लागला. मधूनच लोखंड उघडं पडलं.

यशोदा त्याच वेळी पिशवी घेऊन शेडमध्ये शिरली.

"अहो! थिनर काऊन लावून राह्यले? कालचाच रंग हाय तो!"

रत्नदीपचा हात थांबला. ताज्या रंगाला थिनर लावायचं नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं. एकदा तिनं तसं केलं तेव्हा तो दिवसभर तिच्याशी बोलला नव्हता.

डोमाजी उठले, गुडघे झटकले. "राहू दे. मले घाई नाई. पण चाक नीट करून देजो," म्हणाले आणि मोटारसायकलवर बसून गेले. ते ओरडले असते तर रत्नदीपला बरं वाटलं असतं.

यशोदानं पिशवी ठेवली, चारही चाकं पाहिली.

"एवढं लाल तुमाले दिसलं नाई?"

"शेडमध्ये उजेड कमी हाय."

"दुपार हाय बाहेर."

"चष्म्याचा नंबर वाढला असंन."

गेले काही महिने पाणी ओतताना त्याचा हात गिलासाच्या बाहेर जात होता. मोटारसायकल तो आता तिलाच चालवायला सांगायचा, कंबर दुखते म्हणून. तिनंही कंबरेचंच कारण खरं मानलं होतं, कारण ते सोपं होतं.

"खरं सांगा," ती म्हणाली.

तो डब्यावर बसला. "डाव्या डोळ्यासमोर जाळं हाय. दिवाळीच्या आधीपासून. उजव्यानं दिसते, पण बारीक नाई दिसत."

"अन् मले सांगितलं नाई."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं? हातातून गन काढून घेतली असती."

"हाव. घेतली असती."

रस्त्यावरून कापसाची गाडी गेली.

जे चाक बिघडलं होतं ते तसंच वाळू द्यावं लागणार होतं. बाकीच्या तीन चाकांचं तसं नव्हतं. त्यांच्यावरचा लाल नुसता वर बसला होता. रत्नदीपनं सांगितलं, टर्पेन्टाइन घे, मऊ फडकं घे, दाबू नको, नुसतं फिरव. यशोदानं तसं केलं. लाल हळूहळू फडक्यावर येत गेला आणि खालचा पांढरा जागेवर राहिला. तो शेजारी उभा राहून पुन्हा पुन्हा विचारत होता, "गेला का? आता गेला का?" आणि दर वेळी तिला सांगावं लागत होतं. चिडून ती एकदा म्हणाली, "गेला की मीच सांगीन!" आणि लगेच तिला वाईट वाटलं.

बिघडलेलं चाक वाळल्यावर तिनं पाणी लावून बारीक पॉलिश पेपरनं घासलं. लाल मडगार्ड, टायर, सगळं स्वतः झाकलं. रत्नदीपनं गन उचलली.

"द्या इकडे," ती म्हणाली.

"पांढराच तर मारायचा हाय."

"द्या म्हणते ना."

त्यानं गन दिली, पण अशी, की जणू कोणी हिसकावून घेतली. तिनं आजवर लोखंडी पाट्यांशिवाय कशावरही रंग मारला नव्हता. तो मागून बोलत राहिला. जवळ जाऊ नको. हात थांबवू नको. गनचा आवाज जाड झाला, रंग कमी सोड. तिच्या कपाळाला घाम आला. चाक पांढरं झालं. खालच्या बाजूला एक थेंब ओघळला तेवढा.

डोमाजी आले तेव्हा त्यांनी चारही चाकांवर हात फिरवला. ओघळापाशी थोडं थांबले.

"हे चाक कोणं मारलं?"

यशोदा तोंड उघडणार, तेवढ्यात रत्नदीप म्हणाला, "मीच."

"बरं जमलं," म्हणून ते ट्रॅक्टर घेऊन गेले. यशोदा मागच्या खोलीत गेली आणि स्वयंपाकाला लागली. जेवताना तिनं त्याला वाढलं, पण ती त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती चप्पल घालून दारात उभी राहिली. "चला. सावंगीले."

सावंगीच्या दवाखान्यात डोळ्यात थेंब टाकून त्यांना बराच वेळ बसवून ठेवलं. मग एका तरुण डॉक्टरीणबाईनं नीट समजावून सांगितलं. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झाली आहे. डाव्या डोळ्याची गेलेली नजर पूर्ण परत यायची नाही. उजवा सांभाळायचा, इंजेक्शन घ्यायची, शुगर ताब्यात ठेवायची. "काम काय करता?" तिनं विचारलं. रत्नदीप म्हणाला, "रंगाचं."

परतीच्या बसमध्ये त्याचा फोन वाजला. वासुदेवराव होते, त्यांना ट्रॉली रंगवायची होती. थेंबांमुळे रत्नदीपला सगळं धुरकट दिसत होतं, फोन यशोदानंच त्याच्या कानाला लावून दिला. तिला वाटलं, आता हा हो म्हणेल आणि पुन्हा तेच सुरू होईल.

"आणा ट्रॉली," तो म्हणाला. मग थांबला. "पण रंग माझी बायको मारीन. मले दिसत नाई आता. डोमाजीचं चाकही तिनंच मारलं."

वासुदेवराव म्हणाले, घरी विचारून सांगतो, आणि फोन ठेवला.

"येतील का ते?" यशोदानं विचारलं.

"नाई येणार, बहुतेक."

सेलूच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं त्याचा हात धरला. त्यानं सोडवून घेतला. "रस्ता दिसते मले अजून."

"बरं."

दोघं शेडकडे चालू लागले. थोडं अंतर गेल्यावर तो आपणहून बोलायला लागला. ट्रॉलीला लाल लागते. लाल पांढऱ्यासारखा नसते, पातळ केला की खाली उतरते. म्हणून पहिला हात हलका मारायचा, मग चहा प्यायचा, मग दुसरा. ती त्याच्या डाव्या बाजूनं चालत होती आणि ऐकत होती.